पहिलीच वापरलेली फोर बाय फोर : २.५ डिझेल घ्यावी की ३.०?

रानवाट

नमस्कार मंडळी. आजवर साध्या पेट्रोल हॅचबॅकच चालवल्या आहेत. आता पहिल्यांदाच फोर बाय फोर घ्यायचीय आणि तीही वापरलेली, म्हणून जरा सविस्तर विचारतो.

दोन टोयोटा हायलक्स पिकअप हेरून ठेवल्यात. दोन्ही डबल कॅब, मॅन्युअल, लो-रेंजवाल्या (म्हणजे हळू पण जोरात ओढायला वेगळे खालचे गिअर असलेल्या). पहिली २०१२ची, २.५ डिझेल, १४४ पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच), १ लाख ४० हजार किमी झालेली. मालक एकच, सर्व्हिसची वही पहिल्या पानापासून भरलेली. दुसरी २००८ची, ३.० डिझेल, १७१ पीएस, १ लाख ९५ हजार किमी. आत्ताचा मालक तिसरा. टायर नवे, वर मोठा रूफ रॅक, पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी). टायमिंग बेल्ट बदललाय म्हणतात, पण कागद नाही. मनात भरलीय ती हीच.

वापर असा : रोजचं शहर आणि हायवे. सुट्टीला आम्ही चौघं, कुत्रा, तंबू, पाण्याचे कॅन. कच्चे रस्ते, कधी नदीपात्रातली वाळू, कधी दगडी चढ. उंची २५०० मीटरपर्यंत. पुढेमागे छोटा ट्रेलर ओढायचा विचार आहे.

ज्याला विचारावं तो म्हणतो, "घ्यायचीच तर मोठं इंजिन घे, लहान इंजिन दमतं." अर्ध्या लिटरने खरंच एवढा फरक पडतो का? मोठं इंजिन डिझेल किती जास्त खाईल? आणि माझ्यासारख्या, बॉनेट फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडणाऱ्या माणसाला गाडी बघायला गेल्यावर काय काय तपासता येईल?

चढण

बिनधास्त ३.० घ्या. माझ्याकडे टोयोटाचीच प्राडो आहे, इंजिन तेच, फक्त ट्यूनिंग वेगळं, टॉर्क (फिरवायचा जोर) ४१० न्यूटन-मीटर. माणसं, सामान, मागे ट्रेलर, सगळं घेऊन लांब चढ लागला तरी गिअर पाडायची वेळ क्वचित येते. मित्राची २.५ बरोबर असते तेव्हा तो सतत तिसरा-चौथा करत असतो. सीसीला पर्याय नाही. ट्रेलर डोक्यात आहे ना, मग आत्ताच मोठं घ्या, दोन वर्षांनी गाडी बदलण्यापेक्षा बरं.

पाना_१७

रानवाट, मी ही दोन्ही इंजिनं वर्षानुवर्षं उघडतेय आणि जोडतेय, म्हणून थोडं लांबण लावून लिहिते. चढण म्हणतात ते त्यांच्या प्राडोसाठी खरं आहे. तुमच्यासमोर मात्र दोन हायलक्स आहेत आणि तिथे गणित बदलतं.

२.५च्या इंजिनाचं कंपनीतलं नाव टू-केडी, २४९४ सीसी. ३.०चं वन-केडी, २९८२ सीसी. दोन्ही चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कॉमन रेल, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. तुम्ही बघितलेल्या १४४ पीएसच्या २.५चा टॉर्क ३४३ न्यूटन-मीटर आहे. हायलक्सच्या मॅन्युअल ३.०चाही ३४३च आहे. फरक आहे तो हा टॉर्क कुठून कुठपर्यंत मिळतो त्यात. २.५ला तो १६०० ते २८०० आरपीएमपर्यंत मिळतो, ३.०ला १४०० ते ३४०० पर्यंत. २८००च्या पुढे २.५ सैल पडायला लागतं आणि ३.० तसंच ओढत राहतं. १४४ आणि १७१ पीएसमधलं अंतर बहुतेक तिथेच आहे. म्हणजे भरल्या गाडीने हायवेवर ओव्हरटेक करताना, किंवा ताशी ८०-९०ने लांब चढ चढताना, तुम्हाला हे अंतर जाणवेल. बाजारात जाताना जाणवणार नाही.

दुसरा फरक खालच्या टोकाला आहे. आयडलच्या (पेडल न दाबता इंजिन नुसतं चालू असतं त्या वेगाच्या) आसपास टर्बोचा दाब जवळपास नसतो, तेव्हा इंजिन स्वतःच्या सीसीवर उभं असतं आणि ३.० सुमारे वीस टक्के मोठं आहे. चढावर भरलेली गाडी जागेवरून उचलताना ३.० क्लचवर जास्त सहज सुटते, २.५ला थोडी रेस द्यावी लागते. २५०० मीटरवर हवा समुद्रसपाटीपेक्षा वीसेक टक्के विरळ असते. टर्बो फिरायला लागला की तो ती तूट बरीचशी भरून काढतो, पण जागेवरून निघतानाच्या त्या दोन सेकंदांत कुठलंही इंजिन अशक्त वाटतं आणि लहान इंजिन जास्त. तिथे हाफ क्लच जाळत बसू नका. रस्ता कच्चा असेल तर सरळ लो-रेंज टाका.

एक गोष्ट मात्र नीट बघा. "२.५" एवढं ऐकून कुठलीही टू-केडी घेऊ नका. सुरुवातीच्या काळातली १०२ पीएसची आहे, मधली १२० पीएसची आहे, नंतरची १४४ची आहे. ब्लॉक तोच असला तरी चालवायला या वेगळ्या गाड्या आहेत. "लहान इंजिन दमतं" हे लोकांनी बहुतेक त्या १०२वाल्यावरून ठरवलंय आणि त्या गाडीपुरतं ते बरोबर आहे.

डिझेलच्या खपाचं. पेट्रोल इंजिनात मोठं इंजिन हळू चालवलं की जास्त पितं, कारण थ्रॉटल अर्धवट मिटलेला असतो आणि त्यातून हवा ओढायलाच ताकद वाया जाते. डिझेलमध्ये ताकद कमी-जास्त होते ती इंधन किती फवारलं यावर, हवा बहुतांशी मोकळी आत येते. त्यामुळे मोठं डिझेल इंजिन हलक्या पायाने चालवलं तर खपातला फरक सीसीच्या फरकाएवढा कधीच नसतो. हायवेवर जास्त फरक तो रूफ रॅक पाडेल. ट्रिपला जायचं नसेल तेव्हा रॅक उतरवून ठेवा, इंजिन कुठलंही घ्या.

आता मुख्य मुद्दा. वन-केडीचं एक दुखणं आहे आणि ते न तपासता ही गाडी घेणं मला पटणार नाही. इंजेक्टरच्या बुडाशी, हेडमध्ये तो बसतो तिथे, सीटचं वॉशर असतं. ते बसकं झालं की ज्वलनाचा गॅस वर रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) आत शिरतो आणि काजळी ऑइलमध्ये मिसळते. ऑइल दाट होत जातं आणि ती काजळी संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाच्या) तळाशी, ऑइल पंपाच्या गाळणीवर जाऊन बसते. गाळणी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही. ऑइलचा दिवा लागेपर्यंत बेअरिंग खाल्लेलं असतं. मी अशा गाळण्या हातात घेतल्यात. जाळी दिसतच नाही, वर काळ्या डांबरासारखा थर असतो, नखाने खरवडावा लागतो. आणि अशी गाडी आदल्या दिवसापर्यंत छान पळत असते, हे सगळ्यात वाईट. टू-केडीची मांडणीही तशीच आहे, तिथेही तपासायचंच, पण वन-केडीत हे जास्त बघायला मिळतं. शिवाय काही वन-केडींत पिस्टनला तडे जातात. इंजेक्टर नीट फवारत नसेल तर पिस्टनच्या डोक्यावर एकाच जागी उष्णता साचते, तिथून सुरुवात होते.

म्हणून बघायला जाताना मालकाला आदल्या दिवशी सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गेल्यावर आधी हाताचा पंजा इंजिनाच्या कव्हरवर ठेवा. कोमट लागलं तर तसं मोकळेपणाने सांगा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड इंजिन चालू करून काच खाली घ्या आणि ऐका. डिझेलची खडखड असणारच. त्या खडखडीतून एकच ठोक वेगळी उठून येते का, आणि मिनिट-दोन मिनिटांत इंजिन गरम होता होता विरते का, याकडे कान द्या. तशी ठोक इंजेक्टरची असते. इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालेल. फुसफुसत धूर येत असेल, झाकण नुसतं वर ठेवलं तर नाचत असेल, तर तिथूनच परत फिरा.

पुढचं काम मेकॅनिकचं. स्कॅनर लावून आयडलला चारही इंजेक्टरचं करेक्शन (प्रत्येकाला इंधन किती कमी-जास्त द्यावं लागतंय ते) बघायचं. उणे ३ ते अधिक ३ घन मिमीच्या आत असलं पाहिजे आणि चारही आकडे एकमेकांच्या जवळ असले तर जास्त चांगलं. संप खाली घेऊन गाळणी बघायची. मालक संप काढू देत नसेल तर ऑइल बदलण्याच्या निमित्ताने ड्रेन प्लगच्या भोकातून बोरस्कोप (नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) घालूनही गाळणी दिसते. हे झालं नाही तर ३.० घेऊ नका, विंच कितीही चकचकीत असो.

टायमिंग बेल्ट. दोन्हीला बेल्टच आहे आणि बदलायचा आकडा दीड लाख किमी. तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. डॅशवरचा टी-बेल्टचा दिवा रीसेट करता येतो, त्यामुळे दिवा विझलेला असणं हा बेल्ट बदलल्याचा पुरावा होत नाही. कागद नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा.

या दोन गाड्यांत मी २.५ घेईन. लिहिलेला इतिहास आहे, एक मालक आहे, ट्यून नवं आहे, वयाने चार वर्षं लहान आहे. वही ३.०ला असती आणि २.५ कागदाविना असती तर ३.० घ्या म्हणाले असते.

मागचा_ॲक्सल

पानाताईंनी इंजिनाचं सांगितलं, मी त्याखालचं सांगतो. माझ्याकडे तीच १०२ पीएसची टू-केडी आहे, तीच ती "दमणारी". हायवेवर दमते, अगदी मान्य. दगडात आजवर कधी कमी पडलेली नाही, आणि त्याचं श्रेय ट्रान्सफर केसला आहे, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला देणाऱ्या आणि लो-रेंज सांभाळणाऱ्या पेटीला.

हिशोब करून बघा. पहिला गिअर ४.३, लो-रेंज २.५६, डिफ (ॲक्सलमधला डिफरन्शियल) ३.९ धरा. तिन्हींचा गुणाकार सुमारे ४३. म्हणजे इंजिन ४३ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं आणि इंजिनचा टॉर्क चाकाशी साधारण तेवढ्याच पटीने पोचतो. ७५० आरपीएमच्या आयडलला गाडी ताशी अडीच किमीने सरकते, पाय पेडलवर नसताना. माणूस बाजूने रमतगमत चालेल त्यापेक्षाही हळू. दगडावर हेच हवं असतं. तिथे अर्धा लिटर इकडे की तिकडे, चाकाला कळत नाही, चाक घसरायला टॉर्क केव्हाच पुरेसा झालेला असतो. मग टायरमधली हवा, चाकाची जागा आणि तुमचा उजवा पाय एवढंच उरतं.

म्हणून दोन गोष्टी विचारा. एक, डिफचं प्रमाण. हायलक्समध्ये आवृत्तीनुसार ते बदलतं, गाडीच्या प्लेटवर ॲक्सलचा कोड असतो त्यावरून काढता येतं. दोन, ३.०वर जे नवे टायर आहेत ते कंपनीच्या मापाचे आहेत का. टायरचा व्यास पाच टक्के वाढला की सगळं गिअरिंग पाच टक्के उंच होतं, स्पीडोमीटर कमी दाखवतो आणि ब्रेकवरही ताण येतो. मोठे टायर टाकलेली ३.० चढावर साध्या २.५सारखी वाटू शकते.

वाळूचं मात्र वेगळं. तिथे वेग टिकवावा लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला इंजिन सलग ओढत राहावं लागतं. वाळूत ३.०चा तो लांब पट्टा कामाला येतो, इथे मी चढणशी सहमत आहे. तरी हवा कमी केलेले टायर घातलेली २.५, हवा न काढलेल्या ३.०च्या पुढे जाईल. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तपासताना गाडीखाली झोपा. विंच आहे म्हणजे ती कुठेतरी अडकलेली आहे किंवा कुणाला तरी ओढून काढलंय. चेसिसवर, ट्रान्सफर केसच्या खालच्या प्लेटवर, मागच्या शॉकच्या खालच्या टोकाला ओरखडे बघा. ओरखडे असणं वाईट नाही. चेसिसला वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसला तर तिथे थांबून विचारा. मागच्या डिफचा वरचा प्लग उघडून करंगळी बुडवा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ब्रीदरची (डिफला हवा घ्यायला-सोडायला असलेली) नळी तुटली असेल आणि गरम डिफ थंड पाण्यात गेला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते.

लो-रेंज स्वतः टाकून बघा, मालकाला टाकू देऊ नका. कच्च्या जमिनीवर, गाडी थांबवून, न्यूट्रलला, क्लच दाबून एल-फोर (लो-रेंज). लिव्हरला दोन हात लावावे लागले तर ती वर्षानुवर्षं वापरलेली नाही. आणि हायलक्सची फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, मधला डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर एच-फोरमध्ये (चारही चाकं, साधे गिअर) वळू नका. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी, तो फरक कुठे सुटत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. चढणच्या प्राडोला मधला डिफ आहे, त्यांना हा प्रश्न नाही.

चढण

डिफचं बरोबर बोललात. पण ट्रेलरवर मी अडून राहणार. दोन घोडे न्यायचा ट्रेलर किंवा मोठी बोट असेल तर २.५ रोज शंभर टक्क्यांवर चालणार, ३.० सत्तर टक्क्यांवर. ज्या इंजिनाला श्वास घ्यायला जागा आहे ते जास्त टिकतं.

रानवाट

सगळ्यांचे खूप आभार. ट्रेलर लहान आहे, तंबू आणि दोन सायकली एवढाच, भरून पाचशे किलोच्या आत.

काल सकाळी ३.० बघायला गेलो. पानाताईंनी सांगितलं तसं आधी निरोप दिला होता. कव्हर गार होतं, मालकांनी शब्द पाळला. चालू केल्यावर खडखडीतून एक ठोक स्पष्ट वेगळी ऐकू येत होती, बायकोलाही आली आणि तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. दीडेक मिनिटात गेली. झाकण उघडल्यावर धूर फारसा नव्हता. मालक म्हणाले, "या इंजिनाचा आवाजच असा असतो." संप काढायला त्यांचा नकार नाही, खर्च मी करायचा. लो-रेंज झटक्यात पडली.

२.५ उद्या बघतोय. बेल्ट अजून मूळचाच आहे, वहीत बदलल्याची नोंद नाही. ३.०ची ठोक दुरुस्त करून घेण्यासारखी असते का, की विषय सोडून द्यावा? खरं सांगतो, अजून ती डोक्यातून जात नाही.

पाना_१७

ठोक दुरुस्त होते. चार इंजेक्टर तपासून किंवा बदलून, सीटची नवी वॉशर, रिटर्नच्या नळीची सील, रॉकर कव्हरचं गॅस्केट. मग ऑइल लवकर लवकर दोनदा बदलून आतला मळ काढायचा. हे नीट केलेली वन-केडी पुढे लाखभर किमी बिनतक्रार चाललेली मी बघितलीय. प्रश्न एवढाच आहे की ती ठोक किती दिवस चालू होती. इंजेक्टर नवे बसवता येतात, त्या काळात पिस्टनने किती सोसलं ते बाहेरून दिसत नाही. तिसऱ्या मालकाला ते माहीतही नसेल, तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही.

खर्च तुम्ही करायचा असेल तर संप काढण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करा. चारही सिलिंडर सारखे आले आणि गाळणी स्वच्छ निघाली तर ३.०चा विचार जरूर करा, मात्र इंजेक्टरचं पूर्ण काम किमतीतून वजा करूनच. एक जरी सिलिंडर खाली असेल तर सोडा, मन कितीही ओढलं तरी.

पाचशे किलोच्या ट्रेलरला १४४ पीएसची २.५ पुरून उरते. चढावर चौथ्यात २०००-२५००च्या दरम्यान ठेवा, पाचव्यात १४००ला कुंथवत नेऊ नका. लहान टर्बो डिझेल मरतात ती बहुधा अशी, कमी आरपीएमला पेडल तळाशी दाबून. चढण म्हणतात ती शंभर टक्क्यांची वेळ तुमच्यावर फारशी येणार नाही.

उद्या २.५वरही सगळं तसंच करा, थंड स्टार्ट, झाकण, स्कॅनर, गाळणी. वही भरलेली आहे म्हणून सूट देऊ नका. वहीत ऑइल किती किमीला बदललंय ते मात्र बारकाईने वाचा. अंतर सारखं असेल तर गाळणी बहुधा स्वच्छ निघेल.

घेतलीत तर बेल्ट दीड लाखाची वाट न बघता लगेच बदला, बरोबर आयडलर आणि हायड्रॉलिक टेन्शनर (बेल्टला ताणून धरणारे भाग). डिझेल फिल्टर बदला आणि जुना फिल्टर काचेच्या बरणीत रिकामा करून तळाशी पाणी दिसतंय का बघा. दिसलं तर टाकी धुवून घ्या, कॉमन रेलच्या पंपाला पाणी सोसत नाही. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफचं ऑइल एकदम बदलून टाका. स्कॅनरचे आकडे मिळाले की इथे टाका, चारही सिलिंडरचे वेगवेगळे, सरासरी नको.